हिरवे दिसणारे रान आतून झिजते तेव्हा : सह्याद्री, अमेझॉन आणि आपण

यवतेश्वर (सातारा)

सर्वांना नमस्कार.

पाटणहून कोयनानगरमार्गे नवजाकडे, किंवा साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कास-बामणोलीकडे पावसाळ्यात गेलेला माणूस हिरवेगार डोंगर पाहून परततो आणि एवढे रान शिल्लक असताना काही मंडळी जंगल वाचवण्याचा इतका आग्रह का धरतात, असा प्रश्न त्याला मनापासून पडतो. त्याला नीट उत्तर मिळाले पाहिजे, म्हणून हा धागा काढत आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की जंगल दोन तऱ्हांनी जाते. एका तऱ्हेत ते तोडून, जाळून जमीन मोकळी केली जाते. ते नकाशावर दिसते आणि त्याची बातमी होते. दुसऱ्या तऱ्हेत झाडे बऱ्याच अंशी उभीच राहतात, हिरवा रंगही टिकतो, पण निवडक तोड, वणवे, रस्ते, शिकार आणि तण यांनी आतले जंगल झिजत जाते आणि ही झीज कोणाच्याच हिशेबात येत नाही. आपल्या घाटमाथ्यावर मुख्यतः दुसरा प्रकार चालू आहे आणि जगातील वर्षावनांचाही फार मोठा भाग त्याच वाटेवर आहे.

आधी जगाचे पाहू. उष्णकटिबंधीय वर्षावनांनी पृथ्वीच्या जमिनीचा जेमतेम सहा-सात टक्के भाग व्यापला आहे, पण जमिनीवरील जीवजातींपैकी निम्म्या किंवा त्याहून अधिक जाती तेथे राहतात, असे मानले जाते. मेरिलँड विद्यापीठाच्या उपग्रह-नोंदींनुसार २०२४ या एका वर्षात जगातील सुमारे ६७ लाख हेक्टर मूळचे, न मोडलेले उष्णकटिबंधीय वर्षावन नाहीसे झाले आणि या नोंदी सुरू झाल्यापासून प्रथमच शेतीपेक्षा आग हे त्याचे मोठे कारण ठरले. आपल्या सातारा जिल्ह्याचे क्षेत्रफळ साधारण साडेदहा लाख हेक्टर आहे, म्हणजे सहा सातारा जिल्हे भरतील एवढे जंगल एका वर्षात गेले. हे झाले सरळसरळ नाहीशा झालेल्या जंगलाचे. २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा अंदाज मांडला आहे की अमेझॉनचे जे जंगल अजून उभे आहे, त्यातलेही सुमारे ३८ टक्के जंगल आग, लाकूडतोड, कडांवरचा परिणाम (जंगलाचे तुकडे पडल्यावर त्यांच्या कडेला होणारी झीज) आणि तीव्र दुष्काळ यांपैकी एका तरी कारणाने खालावलेले आहे.

ही झीज कशी होते, ते समजून घेण्यासारखे आहे. वर्षावनात वरचे छत्र इतके दाट असते की जमिनीपर्यंत फार थोडे ऊन पोहोचते. त्यामुळे पाचोळा ओला राहतो आणि आग लागली तरी पसरत नाही. अशा जंगलातील झाडांना आगीची सवय नसते, त्यांची साल पातळ असते. चार मोठी झाडे काढली आणि ती ओढून नेण्यासाठी वाट केली की छत्राला भोके पडतात, ऊन आणि वारा आत शिरतात, पाचोळा वाळतो आणि कडेच्या कुरणातून आलेली साधी आग आत शिरू शकते. पहिली आग गुडघाभर उंचीची असते आणि वरवर पाहता फारसे काही बिघडलेले दिसत नाही. परंतु पातळ सालीची झाडे पुढच्या दोन-तीन वर्षांत वाळून पडतात, छत्र आणखी विरळ होते आणि दुसरी आग पहिलीपेक्षा मोठी असते. माती मुळातच निकस असते, कारण या जंगलांची बहुतेक पोषकद्रव्ये मातीत नसून झाडांत आणि कुजणाऱ्या पाचोळ्यात असतात. झाड आणि पाचोळा गेला की खाली फारसे काही उरत नाही.

आता घाटमाथ्यावर या. महाबळेश्वर, कोयना आणि चांदोलीच्या माथ्यावरील जंगल वनशास्त्रात सदाहरित व निमसदाहरित गटात मोडते आणि त्याची जागा मोठी अडचणीची आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. विषुववृत्ताजवळच्या वर्षावनाला बारमाही पावसाचा आधार असतो, तो आपल्याकडच्या झाडांना नाही. सात-आठ कोरडे महिने हे जंगल केवळ स्वतःच्या सावलीवर, धुक्यावर आणि पाचोळ्याखाली साठवलेल्या ओलीवर काढते. अंजनी, जांभूळ आणि पिसा यांच्या न मोडलेल्या राईत एप्रिलमध्ये जाऊन पाचोळा हाताने बाजूला करून पाहावा. वरचे दोन थर कोरडे असतात, त्याखाली बोटांना गारवा लागतो, बुरशीचे पांढरे तंतू पानांना एकमेकांशी चिकटवून ठेवलेले दिसतात आणि मागच्या पावसाळ्यात रुजलेली बोटभर उंचीची जांभळाची रोपे त्या सावलीत तग धरून असतात. त्याच राईच्या ज्या बाजूने रस्ता रुंद केला आहे, तेथे पन्नास पावलांवर हाच पाचोळा पायाखाली मोडतो, माती टणक लागते, रोप एकही नसते आणि रानमोडी या तणाच्या वाळक्या काड्या कमरेपर्यंत उभ्या असतात. उपग्रहाला दोन्ही जागा हिरव्याच दिसतात.

आपल्या देशातील वनआच्छादनाच्या मोजणीत किमान एक हेक्टर क्षेत्र आणि १० टक्के छत्र एवढी अट पुरते. त्यात मूळचे जंगल, आंब्याची बाग आणि लावलेले निलगिरीचे रान असा भेद केलेला नसतो. त्यामुळे आकडा वाढला म्हणून जंगल सुधारले, असा निष्कर्ष काढता येत नाही.

सभासदांनी आपापल्या भागातले निरीक्षण लिहावे, ही विनंती.

कृष्णाथडी (सांगली)

यवतेश्वर, मांडणी आवडली. मी भूगोल शिकवतो आणि विद्यार्थ्यांशी या विषयावर बोलताना एक गोष्ट कटाक्षाने पाळतो : विनाशाचे आकडे सांगितले की सावरण्याचे आकडेही सांगायचे. ब्राझीलच्या अंतराळ संशोधन संस्थेच्या नोंदींनुसार अमेझॉनमधील वार्षिक जंगलतोड २००४ मध्ये सुमारे २७,७०० चौरस किलोमीटर होती आणि २०१२ मध्ये ती साडेचार हजारांवर आली. हे आपोआप झाले नाही. उपग्रहावरून तोडीची सूचना काही दिवसांत देणारी यंत्रणा उभी राहिली, संरक्षित आणि आदिवासी क्षेत्रे वाढवली गेली, बेकायदा तोड करणाऱ्यांची बँकेची कर्जे रोखली गेली आणि २००६ मध्ये सोयाबीनच्या मोठ्या खरेदीदारांनी नव्याने तोडलेल्या जमिनीवरचे सोयाबीन न घेण्याचे ठरवले. पुढे धोरण सैल पडले तेव्हा २०२१ मध्ये हाच आकडा तेरा हजारांवर गेला; धोरण पुन्हा आवळले तेव्हा २०२४ मध्ये तो ६,३०० च्या आत आला. वीस वर्षांचा हा चढउतार पाहिला की जंगल राहणे न राहणे हा राजकीय निर्णय असतो, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

एक खबरदारी मात्र सुचवतो. आमच्या सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आले आणि प्रत्येक वेळी घाटावरच्या जंगलतोडीमुळे पूर आला, असे लिहिणारे भेटले. आठवडाभर अतिवृष्टी झाली, जमीन तुडुंब भरली आणि कोयना, वारणा, कृष्णा एकाच वेळी फुगल्या, तर कितीही दाट जंगल असले तरी तो पूर थांबत नाही. जंगल मध्यम पावसाचे पाणी मुरवते, गाळ अडवते आणि उन्हाळ्यात ओढे वाहते ठेवते. एवढे खरे आहे आणि एवढे पुरेसे आहे. कोयनेच्या १०५ टीएमसीच्या धरणात गाळ किती वेगाने साठेल, हे वरच्या उतारांवर काय उभे आहे त्यावर बरेचसे ठरते. जे खरे आहे तेच ठामपणे सांगावे. जास्तीचा दावा केला की विरोधकाला आयते कोलीत मिळते.

यवतेश्वर (सातारा)

कृष्णाथडी सर, पुराबाबतची आपली सूचना पूर्णपणे मान्य आहे. तसाच आणखी एक फरक येथे नोंदवतो. अमेझॉनचे जंगल स्वतःच्या बाष्पोत्सर्जनातून पाऊस घडवते. अटलांटिकवरून आलेले बाष्प पश्चिमेकडे जाताना पुन्हा पुन्हा पडते आणि पुन्हा पुन्हा वर जाते. तोड एका मर्यादेपलीकडे गेली तर हे चक्र तुटेल आणि पूर्व व दक्षिण भागातील जंगल विरळ झाडीच्या माळात बदलेल, असा इशारा थॉमस लव्हजॉय आणि कार्लोस नोब्रे या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये दिला आणि ती मर्यादा २० ते २५ टक्क्यांच्या दरम्यान असल्याचे मांडले. आजवर सुमारे १७ टक्के जंगल गेले आहे. आपला पावसाळा मात्र प्रामुख्याने समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांचा आहे. आपल्या जंगलाचे मोठे काम पडलेले पाणी धरून ठेवण्याचे आहे.

ब्राझीलच्या आकड्यांबाबत एक पुस्ती जोडतो. ते आकडे जंगल पूर्ण साफ झाल्याचे आहेत. २०२४ मध्ये तोड घटली, पण त्याच वर्षी तीव्र दुष्काळ होता, अमेझॉनमधील मानाउस शहराजवळ रिओ निग्रो नदीची पातळी शतकाहून अधिक काळाच्या नोंदींत सर्वांत खाली गेली आणि आगींनी उभ्या जंगलाचा प्रचंड भाग होरपळला. तोडीच्या रकान्यात सुधारणा दिसते आणि झिजेच्या रकान्यात पीछेहाट, असे एकाच वर्षी घडू शकते.

कडांचा परिणाम हा केवळ तर्क नाही, हेही सांगायला हवे. मानाउसच्या उत्तरेला १९७९ पासून एक प्रयोग चालू आहे. जंगल तोडताना एक हेक्टर, दहा हेक्टर, शंभर हेक्टर असे तुकडे मुद्दाम राखून ठेवले गेले आणि त्यांचे पुढे काय होते ते मोजले गेले. तुकड्यांच्या कडेजवळची मोठी झाडे सर्वांत आधी मेली, वेली वाढल्या आणि लहान तुकड्यांतून पक्ष्यांच्या कित्येक जाती थोड्याच वर्षांत नाहीशा झाल्या. कुऱ्हाड कोणीही लावली नव्हती. आपल्याकडे प्रत्येक नवा रस्ता, प्रत्येक नवे फार्महाऊस जंगलाला अशीच नवी कड देते.

सातेरी (महाबळेश्वर तालुका)

मी मधपाळ आहे आणि घरात सासऱ्यांपासून हा व्यवसाय आहे. आमच्या पेट्यांत सातेरी मधमाशी असते. तिला वर्षभर फुलोरा लागतो आणि त्यामुळे जंगलात काय कमी झाले, ते आम्हाला पेटीच्या वजनावरून कळते.

आमचा हंगाम जांभूळ, गेळा आणि हिरडा यांच्यावर चालतो. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि त्या वर्षी तिचा दाट, गडद मध मिळतो. पावसाळ्यात माशीला बाहेर पडता येत नाही, तेव्हा साखरेचा पाक देऊन वसाहती जगवाव्या लागतात. बाहेरच्यांना वाटते की एक झाड गेले तर माशी दुसऱ्यावर जाईल. तसे होत नाही, कारण एकाचा फुलोरा संपता संपता दुसऱ्याचा सुरू व्हावा लागतो आणि मधला एखादा दुवा निखळला तर वसाहत त्या पंधरवड्यात उपाशी पडते. वणवा लागलेल्या उतारावर पुढच्या वर्षी गेळ्याला फुलोरा फारच कमी येतो, हे मी स्वतः पाहते. आगीत झाड मेलेले नसते, पण कोवळ्या फांद्या करपलेल्या असतात. झाडांची मोजणी करायला आलेला माणूस ते झाड जिवंत म्हणूनच लिहून घेईल.

मांघर हे आमच्याच तालुक्यातले गाव २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. त्यामुळे मधाला नाव मिळाले आणि गावच्या मुलांना रान राखण्यात कमाई दिसू लागली. पण मागणी वाढली म्हणून पेट्या वाढवायच्या आणि फुलोरा मात्र आहे तेवढाच, किंबहुना घटता, असे झाले तर हे फार काळ चालणार नाही. पर्यटकांनी मध विकत घेताना त्या जांभळाचीही विचारपूस करावी, अशी माझी इच्छा आहे.

पाटणखोरे (पाटण तालुका)

हा धागा दोन वेळा वाचला. बऱ्याच गोष्टी पटल्या; तरी काही लिहिल्याशिवाय राहवत नाही.

जंगल झिजण्याची कारणे मोजताना मोळी वाहणारी बाई आणि तरव्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी, टहाळ तोडणारा शेतकरी नेहमी पहिल्या ओळीत येतात. आमच्याकडे भाताचा तरवा टाकण्याआधी वाफ्यावर टहाळ, पाचोळा आणि शेण पसरून ते जाळतात, म्हणजे भाजणी करतात, आणि त्यासाठी ऐन, किंजळ यांच्या फांद्या दरवर्षी छाटल्या जातात. त्याने झाड खुरटते, हे खरे आहे आणि ते बदलले पाहिजे, असे आम्हीही म्हणतो. गावात काही जणांनी भाजणी सोडून गादीवाफ्यावर तरवा टाकायला सुरुवात केली आहे आणि रोपे चांगली येतात. परंतु याच खोऱ्यात धरणासाठी गावेच्या गावे उठली, धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली रानही गेले आणि माणसेही गेली, आणि कोयना प्रकल्पग्रस्तांपैकी अनेकांचा जमिनीचा प्रश्न साठ वर्षे उलटली तरी सुटलेला नाही. पुढे १९८५ मध्ये अभयारण्य झाले, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि प्रत्येक वेळी राखण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आली, त्यांना विचारले कोणीच नाही. त्यामुळे संरक्षण हा शब्द ऐकला की आमचा म्हातारा माणूस आधी सातबारा शोधतो.

खरी मोठी झीज कोठे आहे, ते सांगतो. आमच्या भागातले बरेच रान वनखात्याचे नाही, मालकीचे आहे. मुले मुंबईला, घरात म्हातारी दोघे, नाचणी-वरी पिकवणे परवडत नाही. अशा वेळी ठेकेदार येतो आणि उभे रान उक्ते घेतो. झाडाचे पैसे नसतात, टनाचे असतात. जांभूळ असो, पिसा असो, अंजनी असो, सगळे एकाच भावाने जळण म्हणून ट्रकमध्ये जाते. त्यानंतर दलाल येतो आणि मोकळी झालेली जमीन मागतो. जेसीबीने डोंगराच्या पोटात रस्ता काढला जातो आणि दोन पावसाळ्यांत त्या रस्त्याखालचा उतार सरकू लागतो. २०२१ च्या जुलैत आमच्या तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गेली. तो पाऊसच भयंकर होता आणि त्या दरडींचा दोष मी कोणत्याही एका रस्त्यावर ठेवत नाही. पण असे उतार किती नाजूक आहेत, हे डोळ्यांनी पाहिल्यानंतरही जे खोदकाम चालू राहते, त्याला काय म्हणावे?

मोळीवाल्या बाईला दंड करणे सोपे आहे. उभे रान उक्ते घेणाऱ्याचे नाव विचारणे अवघड आहे. रान राखायचे असेल तर राखणाऱ्याला त्यातून दोन पैसे मिळाले पाहिजेत, एवढे साधे गणित आहे.

कृष्णाथडी (सांगली)

पाटणखोरे, आपण जे लिहिले त्याला जगभरातून आधार आहे. ब्राझीलमध्ये रबराचा चीक गोळा करणाऱ्या कष्टकऱ्यांनीच सर्वांत आधी जंगलतोडीला अंग देऊन विरोध केला आणि त्यांचे नेते शिको मेंडिस यांची १९८८ मध्ये हत्या झाली. त्यानंतर तेथे अशी राखीव क्षेत्रे आखली गेली, ज्यांत स्थानिक लोक राहतात, चीक आणि फळे गोळा करतात, पण जंगल तोडले जात नाही. उपग्रहाच्या चित्रांत अमेझॉनमधील आदिवासींची क्षेत्रे आजूबाजूच्या तोडलेल्या मुलखात ठळकपणे दाट दिसतात. कोस्टा रिकाने १९९६ मध्ये कायदाच केला की ज्याच्या मालकीच्या जमिनीवर जंगल उभे आहे, त्याला पाणी, कार्बन आणि जैवविविधता राखल्याबद्दल मोबदला द्यायचा, आणि त्यासाठी इंधनावरील कराचा हिस्सा वापरला. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात उद्ध्वस्त होत आलेले तेथील वनक्षेत्र आज देशाच्या निम्म्याहून अधिक भागावर आहे. मालकीच्या रानाचा जो प्रश्न आपण मांडला, त्याला हे उत्तर थेट लागू पडते. कृष्णा-कोयनेच्या पाण्यावर खालचा ऊस, हळद आणि द्राक्षे पिकतात; वरच्या रानाच्या मालकाला त्यातून एक रुपयाही मिळत नाही.

खणभाग (सांगली)

माझा फरसाणाचा छोटा कारखाना आहे. हा धागा वाचून लिहावेसे वाटले, कारण दूरच्या वर्षावनाशी माझा रोजचा संबंध आहे : कढईतले तेल. शेंगतेल परवडत नाही, तळण टिकाऊ लागते, गिऱ्हाईक पाकिटामागे एक रुपया वाढला तरी दुसरीकडे जाते. त्यामुळे सबंध बाजार पामतेलावर चालतो. भारत हा जगातला पामतेलाचा सर्वांत मोठा आयातदार आहे आणि हे तेल मुख्यतः इंडोनेशिया व मलेशियातून येते. सुमात्रा आणि बोर्निओ या बेटांवरची वर्षावने कापून पामच्या बागा उभ्या राहिल्या. तेथील दलदलीची, कुजक्या वनस्पतींची जाड जमीन कालवे काढून कोरडी केली की ती जमीनच जळू लागते. २०१५ मध्ये इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळाले आणि तो धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत महिनोन्‌महिने पसरला होता.

पामतेल बंद करा, असे मी म्हणणार नाही. एका हेक्टरमधून पाम जेवढे तेल देतो, तेवढे सोयाबीन किंवा सूर्यफूल देत नाही. त्याऐवजी दुसरे तेल वापरले तर आणखी जमीन लागेल. प्रश्न बाग कोठे लावली, याचा आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये असा कायदा केला की २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचे पामतेल, सोयाबीन, कॉफी, कोको, रबर, गोमांस आणि लाकूड तेथे विकता येणार नाही. आपल्याकडे माझ्यासारख्या व्यावसायिकाने चौकशी केली तरी डबा कोणत्या बागेतून आला, हे सांगणारे कोणी नाही. एवढी मोठी गिऱ्हाइकी असलेला देश ही माहिती मागू शकतो. आमच्या व्यापारी संघटनेत हा विषय मी मांडणार आहे.

आणखी एक. २०२१ पासून आपल्या देशातही पामच्या लागवडीला केंद्राचे मोठे अनुदान आहे आणि त्याचा रोख ईशान्य भारत व अंदमानकडे आहे. ते प्रदेश वर्षावनांचे आहेत. स्वावलंबनासाठी तीच चूक आपल्या घरात होऊ नये.

माणकाठ (म्हसवड)

आम्ही दुष्काळी पट्ट्यातले. घाटापासून शंभरेक किलोमीटरवर आमच्याकडे पाचशे मिलिमीटर पाऊस मोठा मानतात. दरवर्षी जुलैत येथे शाळा, कार्यालये, मंडळे लाखोंच्या संख्येने झाडे लावण्याचे संकल्प करतात. घाटावर जे जाते, ते असे लावून भरून निघते का?

यवतेश्वर (सातारा)

माणकाठ, आपला प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर नाही असेच आहे. माणदेशाच्या माळरानाचे स्वतःचे मोल आहे. ते लांडग्याचे आणि मेंढपाळांचे रान आहे आणि तेथे दाट झाडी लावणे हेच मुळात चुकीचे ठरू शकते. घाटावरच्या जंगलाबाबत अडचण बियांपासून सुरू होते. सदाहरित जंगलातील बहुतेक झाडांचे बी ओले, मोठे आणि अल्पायुषी असते. ते वाळवून डब्यात साठवता येत नाही, काही आठवड्यांत रुजवावे लागते. त्यामुळे रोपवाटिकांत ही झाडे क्वचितच मिळतात आणि लागवडीत गुलमोहर, सुरू, ग्लिरिसिडिया किंवा निलगिरी येतात. रोप मिळाले तरी त्याला पहिली काही वर्षे सावली लागते. उघड्या उतारावर लावलेले पिसा या झाडाचे रोप मार्चपर्यंतही टिकत नाही. मोठ्या बिया वाहून नेणारे धनेश, शेकरू, उदमांजर नसतील तर पुढची पिढी मूळ झाडाखालीच अडकून पडते.

म्हणून उभ्या जंगलाचा एक एकर राखणे हे नव्या लागवडीच्या कितीही एकरांपेक्षा आधीचे काम आहे. राखलेल्या राईला लागून असलेले खालावलेले रान आग आणि चराई यांपासून काही वर्षे वाचवले, तर बरेचसे आपणहून सावरते, हे चांदोलीच्या सोडून दिलेल्या गावठाणांभोवतीही पाहायला मिळते. तेथे लागवडीचा खर्च नाही, राखणदारीचा आहे.

आणि आता तातडीचा विषय. राज्य शासनाने सातारा, पाटण आणि जावळी तालुक्यांतील २३५ गावांसाठी रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमून ‘नवीन महाबळेश्वर’ गिरिस्थानाची आखणी केली आहे. हा पट्टा कासचे पठार, कोयना अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्प यांच्या मधोमध येतो. कास, कोयना आणि चांदोली ही स्थळे २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली; त्यांच्यामधला दुवा सलग राहायला हवा. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये संपूर्ण पश्चिम घाटाची संवेदनशीलतेनुसार तीन स्तरांत विभागणी सुचवली आणि निर्णय ग्रामसभांपासून वर जावेत असे स्पष्ट म्हटले. कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये ते क्षेत्र सुमारे ३७ टक्क्यांवर आणले. त्यानंतर हे क्षेत्र संवेदनशील म्हणून जाहीर करणाऱ्या अधिसूचनेचे केंद्राकडून मसुद्यांमागून मसुदे निघत राहिले आणि जुलै २०२४ मधला सहावा होता. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि तरीही तेथे वाहनांची, बांधकामांची आणि उन्हाळी पाणीटंचाईची काय अवस्था आहे, ती आपण पाहतो. नव्या गिरिस्थानाने रोजगार येईल, हा मुद्दा मी झटकून टाकत नाही. माझा आक्षेप असा आहे की या आराखड्यात रानाची झीज कोण मोजणार, नव्या रस्त्यांमुळे जंगलाला किती किलोमीटर नवी कड मिळणार आणि झऱ्यांचे काय होणार, हे प्रश्न आधी सुटायला हवेत.

पाटणखोरे (पाटण तालुका)

यवतेश्वर, रोजगाराचा मुद्दा आपण मान्य केला, हे बरे झाले. आमच्या गावात त्या आराखड्याबद्दल दोन मते आहेत. तरुणांना वाटते की घराशेजारी काम मिळेल. वडीलधाऱ्यांना वाटते की जमीन विकली की आपण आपल्याच डोंगरावर पहारेकरी होऊ. मी दोघांनाही सांगतो की आधी ग्रामसभेत आपले रान कागदावर आणू. कोणत्या सर्व्हे क्रमांकात जुनी राई आहे, झरे कोठे आहेत, देवराईची हद्द कोठपर्यंत आहे, हे आम्हीच नोंदवले पाहिजे. वनहक्क कायदा २००६ चा आहे आणि गावाला सामूहिक वन राखण्याचा, त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क त्यात दिला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाने तो २००९ मध्ये मिळवला. मालकीच्या रानासाठी मात्र हा कायदा उपयोगी पडत नाही. तेथे कृष्णाथडी सरांनी सांगितलेल्या मोबदल्याचीच गरज आहे.

वणव्याबाबत आम्ही एक ठरवले आहे. चांगले गवत यावे म्हणून माळ पेटवायची जुनी सवय आहे आणि ती नुसत्या फलकांनी जात नाही. जानेवारी संपायच्या आत माळ आणि राई यांच्यामध्ये आग अडवणारा मोकळा पट्टा, म्हणजे जाळरेषा, काढायची, त्यासाठी प्रत्येक वाडीने आपली हद्द वाटून घ्यायची आणि ज्या वाडीच्या हद्दीत आग राईत शिरणार नाही, तिला गवताच्या लिलावात पहिला हक्क द्यायचा, असा ठराव झाला आहे.

सातेरी (महाबळेश्वर तालुका)

पाटणखोरेदादा, हा ठराव मला शब्दशः पाठवाल का? आमच्या ग्रामसभेत ठेवते. जाळरेषा काढताना गेळ्याची आणि हिरड्याची झुडपे साफसफाईत तोडली जातात, ती वगळावीत, एवढे एक वाक्य त्यात घालावे असे सुचवते. आमच्याकडे मजुरांना ओळख पटावी म्हणून आम्ही त्या झाडांना चुन्याचा पट्टा मारतो.

पाटणखोरे (पाटण तालुका)

ताई, पाठवतो. चुन्याच्या पट्ट्याचे कलम आमच्याही ठरावात घालून घेतो; नंतर घातलेले कलम म्हणून पुढच्या सभेत मंजूर करून घ्यावे लागेल. राईच्या नोंदणीसाठी झाडे ओळखणारे कोणी या संकेतस्थळावर असेल, तर कृपया संपर्क करावा. राहण्या-जेवण्याची सोय गावात होईल. काम पावसाळ्याआधी उरकायचे आहे, कारण जूनमध्ये जांभळाचे बी पडायला लागले की मुलांना घेऊन खालच्या मोडलेल्या उतारावर सावलीच्या जागा शोधून ते लगेच टोकायचे, असे शाळेच्या गुरुजींशी बोलणे झाले आहे.